टॅपेटचा आवाज

६ फेब्रुवारी

निवृत्त माणसानं एक तर भजनी मंडळात जावं, नाहीतर रोज काहीतरी लिहावं, असं शैलजाचं म्हणणं. मला सूर धरता येत नाही, म्हणून हे. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात पाटांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात गेली. आता आरेखकाच्या ह्या हाताला गाडी पुसण्याशिवाय काम उरलेलं नाही.

आज दोन चांगल्या गोष्टी झाल्या. नीरजाचा पुण्याहून फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणजे इथे डोणगावला करायचं ठरलं. मार्चअखेर येते, मे महिन्यात मोकळी होईल. शैलजा लगेच डिंक-खारकांचं बोलू लागली. मी मनाशी एक ठरवलं आणि जेवताना बोलूनही दाखवलं. नीरजा झाली तेव्हा मेहकरच्या दवाखान्यातून तिला मी ह्याच गाडीतून घरी आणलं होतं. तिच्या बाळालाही ह्याच गाडीतून आणणार, आणि गाडी मीच चालवणार. शैलजानं माझ्या भातावर वरण वाढलं आणि उठली.

दुसरी गोष्ट खुद्द गाडीची. पांढरी फियाट, १९८८ ची. एक हजार एकोणनव्वद सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, चाळीस घोड्यांची ताकद. पैकी आता किती घोडे दावणीला आहेत ते तिलाच ठाऊक. हातानं ओढायचा चोक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. दुखणी म्हणाल तर घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त. थंडीत चोक कमी ओढला तर रुसते, जास्त ओढला तर प्लग ओले करून बसते. उन्हाळ्यात पेट्रोल पंप तापतो, आतल्या आत पेट्रोलची वाफ होते आणि बाई भर रस्त्यात ठिय्या देतात. पॉइंट जळतात, तेल पिते. आणि टॅपेट. इंजिनाच्या डोक्यावर झडपा दाबणारे दांडे असतात, त्यांच्यात केसभर फट ठेवावी लागते. ती फट वाढली की टिकटिक-टिकटिक सुरू होते. आमच्या गाडीची ही टिकटिक पहिल्या दिवसापासूनची. किती वेळा सेट केले, महिन्याभरात पुन्हा सुरू.

तर आज ध्यानात आलं की ती टिकटिक गेली आहे! बॉनेट उघडून, चालू इंजिनावर वाकून ऐकलं. काही नाही. लोण्यासारखं चाललंय. गेल्या दिवाळीत चांगलं तेल घातलं होतं, त्याचाच हा गुण. बाळासाठी गाडी स्वतःहून तयार होते आहे असं वाटून फार बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

एक काळजीची गोष्ट आहे. शैलजाला ऐकू कमी येऊ लागलंय. मी काही बोललो की दर वेळी, "काय म्हणता? मोठ्यानं बोला नं जरा." पूर्वी असं नव्हतं. तिच्या आईचेही कान उतारवयात गेले होते. आणखी एक बघतो आहे, ती हल्ली माझ्याशी बोलताना समोर येऊन, तोंडाकडे बघत उभी राहते. बिचारी ओठ वाचत असणार. मी तिला काही जाणवू दिलेलं नाही.

बाकी बाई पक्की आहे. मी गाडी घेऊन कुठेही जावो, कधीही परत येवो, घरात पाऊल टाकावं तर गॅसवर चहा उकळत असतो. लग्नापासून असं आहे. मी कधी येणार हे मलाच माहीत नसतं, तिला कसं कळतं कोण जाणे. कान गेले तरी हे मात्र गेलं नाही.

४ मार्च

गाडी फकीरकडे नेली. फकीर मोहम्मद माझा शाळेपासूनचा मित्र. मेहकर रस्त्यावर निंबाखाली त्याचं गॅरेज आहे. ह्या इंजिनाला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. आता त्याला जवळचं दिसत नाही, पण चष्मा लावायची लाज वाटते म्हणे. त्यामुळे फट मोजायच्या पात्यावरचे आकडे मी वाचायचे आणि नट त्यानं फिरवायचा, असं आमचं चालतं.

मी अभिमानानं म्हटलं, "बघ, टॅपेट बंद झाले." त्यानं गाडी चालू करायला लावली. बराच वेळ वाकून ऐकत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गोपाळ, खालून बेअरिंग बोलून राह्यलं यार."

"कुठून?"

"खालून. ठक-ठक. रेस दे, पाह्य."

मी रेस दिली. गाडी मक्खन. म्हटलं, "काही नाही बे, तुझे कान वाजतात." त्यानं मग खांद्यावरचा कपडा काढून हात पुसले आणि म्हणाला, "बरं. हळू चालवजो." हा पठ्ठ्याही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलू लागलाय. एकंदर वय होतंय सगळ्यांचं.

२९ मार्च

नीरजाला मेहकरहून आणली. तिचा नवरा विहंग पुण्याच्या गाडीनं तिथपर्यंत पोचवून परत गेला. पोट छान दिसू लागलंय. चेहरा थेट शैलजाचा, नीरजाच्या वेळचा.

येताना एक प्रकार झाला. एक ट्रकवाला मागून येऊन अगदी घासून गेला. हॉर्न नाही, काही नाही! नीरजानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मी चिडून म्हटलं, "काय माणसं आहेत, हॉर्न द्यायला काय जातं?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं विचारलं, "बाबा, हा गाडीतून कसला आवाज येऊन राह्यला?" म्हटलं, रस्ता खराब आहे.

घरी आल्यावर मायलेकी स्वयंपाकघरात किती तरी वेळ बोलत होत्या. मी गेलो की गप्प.

जेवताना नीरजा म्हणाली, "बाबा, विहंग म्हणतो, दवाखान्यातून येताना दुसरी गाडी सांगू. नवी, एसीची." मी म्हटलं, तुला ह्या गाडीतून आणली तेव्हा मे महिनाच होता. शैलजानं मागच्या सीटवर ओली चादर टांगली होती आणि तू झोपून आलीस. नीरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीही विषय वाढवला नाही.

पण आणणार मीच.

८ एप्रिल

यंदा आमच्या अंगणातल्या निंबावर कोकीळ आलेलीच नाही. झाडं तोडल्यावर दुसरं काय होणार!

शैलजाच्या कानांचं मनावर घेतलं. आज भीतभीतच म्हटलं, "बुलढाण्याला कानाच्या चांगल्या डॉक्टर आहेत. एकदा जाऊन यायचं का?" वाटलं होतं, चिडेल. ती तर लगेच म्हणाली, "हाव, जाऊ नं. केव्हापासून म्हणणार होते मी." इतकी समंजस बायको मिळायला भाग्य लागतं. शेजारच्या सिंधूताई दिवसभर नीरजाजवळ थांबायला तयार आहेत.

११ एप्रिल

सविस्तर लिहितो. लिहिल्याशिवाय डोकं थंड व्हायचं नाही.

सकाळी निघालो. चिखलीच्या अलीकडे ऊन तापलं आणि गाडी आचके देऊन बसली. नेहमीचं, पेट्रोल पंप तापला. मी बॉनेट उघडेपर्यंत शैलजा पाण्याची बाटली आणि ओलं फडकं घेऊन हजर. हे फडकं तिच्या जुन्या सुती पातळाचं, उन्हाळाभर डिकीत असतं. पंपावर ते गुंडाळलं, वरून थोडं थोडं पाणी सोडत राहिलो. फडक्यातून वाफा निघत होत्या. आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. ती म्हणाली, "नवीन लग्न झालं तेव्हा बी इथंच बसलो होतो." खरंच, जागाही जवळपास तीच. तेव्हा ती सासरी लाजत असे, मला नावानं सोडा, "अहो"सुद्धा म्हणत नसे. मी तिचा हात धरला. रस्त्यावरून ट्रक जात होते, तिनंही काढून घेतला नाही. पंप निवला, एका सेल्फात गाडी चालू.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंट कोण?" मी शैलजाकडे बोट दाखवलं. शैलजानं माझ्याकडे.

बाईंना हे नवं नसावं. हसून म्हणाल्या, दोघांचंही बघू. शैलजाचं आधी झालं. तिचा कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तिशीतल्या बाईचे कान आहेत." मग मला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा म्हणे. मी वाट बघत बसलो. वाटलं, अजून यंत्र सुरू व्हायचंय.

बाहेर आल्यावर त्यांनी दोन शिंगांचा एक लोखंडी चिमटा टेबलावर ठोकून माझ्या कानाजवळ धरला. काही नाही. मग तोच दांड्यानं कानामागच्या हाडाला टेकवला आणि सगळ्या डोक्यात गुणगुण घुमली. बाई म्हणाल्या, नस उत्तम आहे. आतलं तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड आखडलंय, त्यामुळे बाहेरचा आवाज आत जात नाही. मशीन लावलं की छान ऐकू येईल. वर असंही म्हणाल्या, की अशा माणसाला स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलतो आणि लोकांना "काय? काय?" करावं लागतं.

मी म्हटलं, तुमच्या चिमट्यात काहीतरी दोष आहे.

परत निघालो. डोणगाव दिसायला लागल्यावर शैलजा माझ्याकडे वळून, हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "गाडी तुमची, नात नाहीतर नातू बी तुमचा. पण मागचा हॉर्न तुम्हाले ऐकू येईपर्यंत मी त्या लेकराले या गाडीत बसू देणार नाही. त्या दिवशी ट्रकवाला किती वाजवून राह्यला होता, पोरगी थरथर कापत घरी आली."

म्हणजे सगळे मला बहिरा समजतात.

१२ एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही. कुणाशी बोललो नाही. जेवलो मात्र, वांग्याची भाजी चांगली झाली होती.

१५ एप्रिल

फकीरकडे गेलो. म्हटलं, ह्याच्या तोंडून एकदा खरं काढायचं. विचारलं, "मार्चमध्ये तू बेअरिंगचं काय म्हणत होतास?" तो हात हलवून म्हणाला, "जाऊ दे नं यार." मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही. तुझा लांब पेचकस आण.

ही फकीरची जुनी रीत. इंजिन चालू ठेवायचं, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. इंजिनात कुठे काय दुखतं ते लोखंडातून चढत वर येतं. तरुणपणी मीही हे करत असे, पण पुढे त्याच्यावर सोपवून दिलं. आज पेचकस हातात घेतला आणि दवाखान्यातला चिमटा आठवला. मूठ कानावर न ठेवता कानामागच्या हाडाला घट्ट दाबली. फकीरनं सेल्फ मारला.

टोक वर, झाकणावर ठेवलं. टिकटिक-टिकटिक-टिकटिक.

माझी टिकटिक! कुठेही गेली नव्हती. पहिल्या दिवशी वाजत होती तशीच वाजत होती. क्षणभर इतका आनंद झाला की जुना माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग टोक खाली, तेलाच्या टाकीच्या वर सरकवलं.

ठक. ठक. ठक. जड, खोल, दुखरा आवाज. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. शिकाऊ मेकॅनिकलाही कळावं इतकं स्पष्ट. पेचकस काढला की सगळं शांत, लावला की ठक-ठक. काढला, लावला, काढला. मग हात खाली घेतला.

डॉक्टरीणबाईंचा कागद मी खोटा म्हणू शकत होतो. ह्याला कसं म्हणणार? इतके महिने ती बेअरिंगवरून ओरडत होती, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की लोण्यासारखी चालते. कोकीळही येऊन गेली असेल. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला होता. माझी गरोदर पोरगी शेजारी बसली होती आणि मी त्याच्यावरच चिडत होतो. मला फार लाज वाटली. मडगार्डवर बसलो आणि रडू आलं, ते लपवलं नाही.

फकीरनं इंजिन बंद केलं. समोर उकिडवा बसून, मला दिसेल असं तोंड करून म्हणाला, "मी सांगतलं होतं तुले. तू म्हणे गाडी मक्खन. मंग मी काय बोलू? दोस्ताले बहिरा म्हणू?"

"म्हणायचं होतं."

"आता म्हणतो. बहिरा हायेस बे तू."

"आणि तू आंधळा. त्या पात्यावरचा आकडा तुला दिसत नाही, सगळ्या डोणगावला माहीत आहे."

तो हसायला लागला, मीही. शेवटी असं ठरलं, की मी मशीन लावायचं आणि त्यानं चष्मा. इंजिन उतरवून पूर्ण बांधायचं, बाळाच्या आधी.

घरी चालत आलो. शैलजाला म्हटलं, "मशीन घेऊ." ह्या खेपेला मोठ्यानं म्हटलं. तिनं पदरानं माझ्या गालावरचं काळं तेल पुसलं आणि आत गेली.

२४ एप्रिल

इंजिन फकीरच्या बाकावर उघडं पडलंय. तिसऱ्या सिलिंडरच्या बेअरिंगचा वरचा थर पार गेला होता, खालचं तांबं दिसत होतं. आणखी थोडे दिवस चालवली असती तर रॉड तुटून इंजिनाच्या पोटातून बाहेर आला असता. ती भर रस्त्यात फुटली नाही, ही तिची माया. क्रँक घासून आणायला अकोल्याला पाठवला आहे. झिजलेला टॅपेटचा दांडाही फकीर बदलणार आहे. म्हणाला, "आता टिकटिक बी संपवतो, तुझी जनमभरची कटकट." त्याच्या नाकावर काळ्या फ्रेमचा चष्मा आहे. दर पाच मिनिटांनी बोट लावून बघतो, पडला तर नाही ना.

आजकाल मी गॅरेजमधून पायीच येतो. चहा तयार नसतो. शैलजाचं सगळं लक्ष नीरजाकडे, साहजिक आहे.

२ मे

मशीन आलं. शेंगदाण्याएवढं आहे. लावल्याबरोबर पहिलं काय ऐकलं, तर माझी स्वतःची चप्पल. इतकी फटफट करत मी आयुष्यभर चालत होतो? नंतर पंख्याची कुरकुर, शैलजाच्या बांगड्या, शेजारचा कुकर. सगळं एकदम अंगावर येतं. तासाभरात वैतागून काढून डबीत ठेवलं. शैलजा म्हणाली, "डबीत ठेवायले घेतलं का?" म्हटलं, बॅटरी वाचवतोय. गाडीवर कव्हर घालतो तसंच.

संध्याकाळी पुन्हा लावलं. निंबावर कोकीळ ओरडत होती, गाढवासारखी, न थांबता. नीरजा म्हणाली, "बाबा, फेब्रुवारीपासून ओरडत असंल ती." अर्धा तास ऐकत बसलो.

१२ मे

गाडी चालू झाली. मशीन लावून बॉनेटवर वाकलो. इंजिन बांधल्यावर असा आवाज असतो, विसरलोच होतो. फक्त पंख्याचा वारा आणि एक संथ घुमणं. ना ठक-ठक, ना टिकटिक. फकीरनं मला आकडा वाचू दिला नाही, चष्म्यातून स्वतः वाचला. नवीन बांधलेलं इंजिन पहिले काही दिवस हळू चालवायचं, ते बाळासकट घरी यायला अगदी योग्य.

शैलजाला मागच्या सीटवर बसवून मेहकर रस्त्यावर परीक्षा दिली. मागून एक ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजला, मी बाजू दिली. आरशात बघितलं. बाई हसत होत्या. पास.

२० मे

मुलगी झाली. नीरजा सुखरूप आहे.

काल रात्री कळा सुरू झाल्या. मशीन लावून गाडी मेहकरला आणली, मग दवाखान्याच्या बाकावर जरा टेकताना ते काढलं आणि कुठे ठेवलं ते गडबडीत विसरलो. सकाळी नर्सनं बाळ बाहेर आणून माझ्यासमोर धरलं. इवलंसं लाल तोंड, मोठ्ठं उघडलेलं, डोळे गच्च मिटलेले. सगळं अंग रडत होतं, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी खिसे चाचपू लागलो. शैलजानं स्वतःच्या पर्समधून डबी काढली, मशीन माझ्या कानात बसवलं आणि बटण दाबलं.

काय आवाज होता तो! असा हॉर्न कुठल्या ट्रकला नसेल. मी म्हटलं, "ओरड बाई, ओरड." नर्स म्हणाली, आजोबा, ती ओरडतेच आहे.

२३ मे

आज बाळाला घरी आणलं. ह्याच गाडीतून, मीच.

शैलजा सकाळच्या एसटीनं पुढे गेली, खोली आवरायला आणि पाणी तापवायला. जाताना म्हणाली, "गाडीचा आवाज आला की मी भाकरतुकडा घेऊन दारात येते." मायलेकींवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. नीरजा बाळाला घेऊन मागे, पुण्याहून आलेले विहंगराव माझ्या शेजारी. खिडकीला ओली चादर, पंपावर आधीच ओलं फडकं. विहंगराव म्हणाले, "बाबा, इंजिनचा आवाजच येत नाही हो, नव्या गाडीसारखी." मला मूठभर मांस चढलं. दोन वेळा मागून हॉर्न आला, दोन्ही वेळा बाजू दिली. बाळ सगळा रस्ता झोपून.

दारात गाडी उभी केली. दारात कुणी नाही.

आम्ही पायरीशी आलो. आत जाता येईना, भाकरतुकडा नाही. विहंगरावांच्या दोन्ही हातांत पिशव्या. ऊन रणरणत होतं. नीरजानं हाक मारली, आतून फक्त कुकरची शिट्टी. बाळ जागं झालं आणि त्यानं असा सूर लावला की सिंधूताई त्यांच्या घरातून धावत आल्या, तेव्हा कुठे शैलजा बाहेर डोकावली. हात पिठाचे, चेहरा घाबरा. "अगं बाई! आले? आवाजच कसा नाही आला गाडीचा?" पुन्हा आत पळाली, भाकरी घेऊन आली तर पाणी विसरली. रडणाऱ्या बाळावरून तुकडा ओवाळताना स्वतःच रडायला लागली. "माझ्या नातीले उन्हात उभं ठेवलं मी."

मी म्हटलं, "अगं, इंजिन आता वाजत नाही. फकीरनं टिकटिक काढली."

तर ती डोळे पुसत म्हणाली, "तेच तर! इतकी वर्षं तेवढ्या टिकटिकीवर मले समजे तुम्ही आले. मारुतीच्या देवळाजवळच्या वळणावर टिकटिक आली की मी चहा टाकत होते. आता मले कसं समजावं?"

मी तिथेच उभा राहिलो. बाकी सगळे आत गेले.

२४ मे

सकाळीच फकीरकडे. म्हटलं, "एक टॅपेट ढिला कर."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सारी दुनिया टॅपेट टाइट करून मागते, आन् तू ढिला मागून राह्यला? पागल झाला का बे?"

"फक्त चौथ्या सिलिंडरचा. एक नंबर जाड पातं घाल."

"काऊन पण?"

मी सांगितलं. त्यानं झाकण उघडलं, नट अर्धा आटा सैल केला, चालू करून बघितलं, आणखी किंचित सैल केला. दोघंही वाकून ऐकत होतो, तो कानानं, मी मशीननं. टिक. टिक. टिक. एकच, पण ठणठणीत.

मारुतीच्या वळणावर मी गाडी जरा हळू केली.

घरात आलो तर बाळ झोपलं होतं, नीरजा झोपली होती. शैलजा ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि गॅसवर चहा उकळत होता. उकळताना चहालाही आवाज असतो, हे मी विसरूनच गेलो होतो.